गुलामीच्या काळातल्या मुक्त पूर्वजाचे कागद कुठे शोधायचे?

प्रश्न : मी मूळची नाशिकची, लग्नानंतर अमेरिकेत मेरीलँडला असते. माझे यजमान आफ्रिकन-अमेरिकन आहेत. सासूबाईंचे घराणे व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गचे. “आमचे लोक कधीच गुलाम नव्हते,” असे त्या नेहमी सांगतात. मुलीसाठी वंशावळ करायला घेतली आणि १८७० पर्यंत फारसा त्रास न होता पोचले. १८५० च्या जनगणनेत सासूबाईंच्या आजोबांचे आजोबा सापडले. वय ३८, रंगाच्या रकान्यात ‘एम’ (मुलॅटो, म्हणजे मिश्र वर्णाचा), धंदा कूपर, म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा, आणि ४०० डॉलरची स्थावर मालमत्ता. घरात ३५ वर्षांची बाई आणि १४, ११, ६, ३ वर्षांची चार मुले. त्यातला ३ वर्षांचा मुलगा म्हणजे आमचा थेट पूर्वज. १८६० मध्ये त्याच नावाचा कूपर ४५ वर्षांचा आहे आणि रंग ‘बी’ (ब्लॅक) लिहिला आहे. १८४० च्या यादीत त्याच नावाचा कुटुंबप्रमुख मिळाला, पण त्या घरात मुक्त माणूस एकच, २४ ते ३६ वयोगटातला. गुलामांच्या रकान्यांत त्याच वयोगटातली एक बाई आणि दहा वर्षांखालची दोन मुले. आमच्या पूर्वजानेच गुलाम बाळगले होते का? मुलीला काय सांगू? आणि तो जन्मतः मुक्त होता की त्याला कुणी मुक्त केले, हे कसे शोधायचे?
— एक वाचक, मेरीलँड

उत्तर : ताई, १८४० च्या त्या पानापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातली सगळी घालमेल त्याच्याभोवती आहे. त्या पानावर तुम्हाला बहुधा एक नवरा, त्याची बायको आणि त्यांची दोन लेकरे दिसताहेत. तुमच्या समाधानासाठी असे म्हणत नाही. तुम्ही दिलेले आकडे आणि त्या वेळचा व्हर्जिनियाचा कायदा शेजारी शेजारी ठेवले, की हाच अर्थ सगळ्यात आधी पुढे येतो.

आकडे पाहा. १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीच्यांची नुसती संख्या मांडत. १८५० चे घर दहा वर्षे मागे नेले तर ३८ चा माणूस २८ चा होतो, ३५ ची बाई २५ ची, १४ आणि ११ ची मुले ४ आणि १ वर्षाची. धाकटी दोन अजून जन्मायची आहेत. १८४० च्या पानावर नेमके हेच घर आहे. फरक एवढाच, की बाई आणि मुले गुलामांच्या रकान्यात आहेत.

आता कायदा. ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियातल्या साउथॅम्प्टन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले आणि पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाने मुक्त कृष्णवर्णीयांवर नवी बंधने लादली. त्यातले एक असे, की वारशाने मिळाल्याखेरीज त्यांना दुसरा गुलाम घेता येणार नाही. अपवाद फक्त स्वतःचा नवरा, बायको आणि मुले. तुमचा माणूस १८३२ मध्ये जेमतेम विशीतला होता. त्यानंतर त्याने कायदेशीररीत्या कुणाला विकत घेतले असेल, तर ती त्याची बायको आणि मुलेच असणार.

मग विकत घेतल्यावर लगेच मुक्त का नाही केले? कारण १८०६ चा कायदा. १ मे १८०६ नंतर मुक्त झालेल्या माणसाने बारा महिन्यांच्या आत व्हर्जिनिया सोडून जायचे. न गेल्यास त्याला पकडून पुन्हा विकता येत असे. नवऱ्याने बायकोला मुक्तिपत्र करून दिले, तर वर्षभरात तिला घर, नवरा, गाव सोडून परमुलुखात जावे लागणार. त्यापेक्षा ती कागदावर नवऱ्याचीच मालमत्ता राहिलेली बरी, असा निर्णय शेकडो घरांनी घेतला. मुलीला हे सांगताना हा कायदा आधी सांगा, जनगणनेचे पान नंतर दाखवा. उलट क्रमाने दाखवलेत तर ‘मालक’ हा एकच शब्द तिच्या डोक्यात बसेल.

अर्थात ही अजून अटकळच आहे. दुसरी शक्यताही आहे. १८४० ची गणना घरात कोण राहते हे मोजत होती, मालक कोण हे नाही. पीटर्सबर्गमध्ये तंबाखूचे कारखाने होते आणि गुलामांना भाड्याने कामाला लावण्याची पद्धत सर्रास होती. त्यांतले बरेच जण मालकाच्या घरी राहतच नसत. ती बाई दुसऱ्याच कुणाची तरी ‘मालमत्ता’ असून नवऱ्याजवळ राहत असेल. ती शेजारीण, बहीण किंवा भाडेकरू असण्याचाही संभव सोडून देऊ नका. १८५० च्या फॉर्ममध्ये नाते लिहिण्याचा रकानाच नव्हता. तो १८८० मध्ये आला. म्हणून ‘३५ वर्षांची बाई म्हणजे बायको’ हेसुद्धा आत्ता आपण गृहीत धरले आहे.

उलगडा करायचा सर्वांत जवळचा रस्ता त्या बाईच्या आणि चार मुलांच्या नोंदणीतून जातो. या सगळ्या शोधाची किल्लीही तिथेच आहे. मुक्त कृष्णवर्णीय माणसाला आपले स्वातंत्र्य उठता बसता सिद्ध करावे लागे. गोऱ्या माणसाकडून असला दाखला कुणी मागत नसे. त्या जाचातून कागद तयार झाले आणि तेच आज आपल्याला वाचायला मिळतात. जातपडताळणीसाठी कोतवाल बुक आणि मोडीतल्या नोंदी धुंडाळणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही हे लगेच कळेल. कोणत्या वर्षी कोणता कायदा लागू होता हे आधी पाहायचे. म्हणजे कोणता कागद, कोणत्या कचेरीत, कोणत्या वहीत असायला हवा, ते आपोआप समजते. नुसते नाव टाकून शोधत बसलात तर महिने जातील.

व्हर्जिनियाने १७९३ मध्ये असा कायदा केला, की मुक्त कृष्णवर्णीयाने कोर्टाच्या किंवा नगराच्या क्लार्ककडे आपली नोंद करायची. शहरात दरवर्षी, काउंटीत दर तीन वर्षांनी. नोंदीची नक्कल शिक्क्यानिशी मिळे, तिचे २५ सेंट पडत, आणि ती जवळ नसेल तर अशा माणसाला कामावर ठेवणाऱ्यालाही दंड होता. पीटर्सबर्गची नोंदवही १७९४ पासून सुरू होते. अशा नोंदीचा नमुना साधारण असा असतो : क्रमांक, नाव, ‘मुक्त कृष्णवर्णीय पुरुष, फिकट तपकिरी वर्ण, वय सुमारे २१, उंची ५ फूट साडेसात इंच, डाव्या भुवईवर लहान व्रण, धंद्याने कूपर, या गावात मुक्त जन्मलेला’. शेवटच्या चार-पाच शब्दांत तुमच्या प्रश्नाचे उत्तर असते. ‘मुक्त जन्मलेला’ असेल तर पुष्कळदा आईचे नाव असते. ‘अमक्याने मृत्युपत्रान्वये मुक्त केलेला’ किंवा ‘अमक्या तारखेच्या मुक्तिपत्रान्वये’ असे असेल तर पुढचा कागद कुठे आहे याचा पत्ताच मिळाला.

आता चारही मुलांच्या नोंदी एकेक करून शोधा. आई १८४० मध्ये खरोखर गुलाम असेल, तर १४ आणि ११ वर्षांच्या मुलांच्या नोंदीत ‘मुक्त केलेला’ असे दिसेल. ६ वर्षांच्या मुलाच्या नोंदीत ‘मुक्त जन्मलेला’ असेल, तर आईला १८४० ते १८४४ या चार वर्षांत मुक्ती मिळाली असे ठरते. मग वह्या चाळायच्या त्या फक्त चार वर्षांच्या. धाकट्याची, म्हणजे तुमच्या थेट पूर्वजाची, नोंदही अशीच असेल तर सासूबाईंचे म्हणणे त्याच्यापुरते अक्षरशः खरे ठरेल.

मुक्तिपत्र शोधायचे ते पीटर्सबर्गच्या हस्टिंग्ज कोर्टाच्या, म्हणजे शहराच्या कोर्टाच्या, खरेदीखतांच्या वह्यांत. १७८२ च्या कायद्याने मालकाला मृत्युपत्राने किंवा सहीशिक्क्याच्या कागदाने गुलाम मुक्त करण्याची परवानगी दिली, पण तो कागद कोर्टात मान्य करावा लागे किंवा दोन साक्षीदारांनी सिद्ध करावा लागे. म्हणून मुक्तिपत्राची नक्कल वहीत उतरवलेली सापडते आणि ते कोर्टापुढे आल्याची एक ओळ त्याच तारखेच्या मिनिट बुकात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या वहीत, असते. दोन्ही पाहा, एका ठिकाणी पान फाटलेले असले तरी दुसरीकडे तारीख मिळते. विक्रीच्या कागदाची मात्र आशा फार धरू नका. गुलामाची विक्री वहीत नोंदवलीच पाहिजे अशी सक्ती नव्हती, त्यामुळे पुष्कळ विक्रीचे कागद घरीच राहिले आणि गेले. पण मुक्तिपत्रातच बहुधा लिहिलेले असते की ‘हिला मी अमक्याकडून विकत घेतले’. ते नाव मिळाले की तुम्हाला तिचा आधीचा मालक मिळाला. तिच्या आईवडिलांचा माग मग त्या मालकाच्या घरच्या मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत काढता येईल. त्या याद्यांत माणसांची नावे भांडी आणि बैलांच्या शेजारी किमतीसह लिहिलेली असतात. वाचताना पोटात कालवते, तरी वाचाव्याच लागतात.

मुक्तिपत्रात मुलांची नावे आहेत का, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. १६६२ पासून व्हर्जिनियाचा नियम असा, की मूल आईच्या दर्जाचे. बाप मुक्त असला तरी आई गुलाम असताना जन्मलेले मूल गुलामच. आईला नंतर मुक्त केले म्हणून आधीची मुले आपोआप मुक्त होत नसत. त्यांची नावे कागदात यायला हवीत किंवा त्यांचे वेगळे कागद हवेत. चौथ्या-पाचव्या पिढीतही लोक इथेच चुकतात : एक मुक्तिपत्र सापडते, सगळे घर मुक्त झाले असे समजून पुढे जातात, आणि थोरल्या मुलाची नोंद का मिळत नाही म्हणून अडून बसतात.

मुक्त झाल्यावर ती पीटर्सबर्गमध्ये राहिली कशी? १८५० मध्ये ती तिथे दिसते, म्हणजे एकतर परवानगी मिळाली होती किंवा कुणी तक्रार केली नाही. १८३७ पासून असे अर्ज स्थानिक कोर्टाकडे येऊ लागले, म्हणून तिच्या बाबतीत आधी हस्टिंग्ज कोर्टाचे मिनिट बुक पाहा. त्याआधीचे अर्ज थेट विधिमंडळाकडे जात. ते लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया या राज्याच्या ग्रंथालय-अभिलेखागाराच्या संग्रहात आहेत आणि त्यांवर कधी कधी गावातल्या कितीतरी गोऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या असतात. काही वह्यांच्या सूचीत असे आदेश आडनावाखाली न मिळता ‘फ्री निग्रो’ या शीर्षकाखाली गोळा केलेले असतात. तेव्हा आडनावाच्या अक्षराबरोबर ‘एफ’ आणि ‘एन’ ही अक्षरेही पाहा.

कागद सापडलाच नाही तर? तर जनगणनेला कोर्टाचा निकाल समजू नका. नवऱ्याने बायकोला कधीच कागदोपत्री मुक्त केले नसेल आणि गणना करणाऱ्याने तिला मुक्तांच्या यादीत लिहून टाकले असेल, हेही घडू शकते. अशा वेळी १८५० ची गुलामांची वेगळी यादी पाहा. तीत गुलामांची नावे नसतात, पण मालकांची असतात. तिथे तुमच्या माणसाच्या नावाखाली ३५ वर्षांची बाई पुन्हा दिसते का? सोबत त्याच्या वैयक्तिक मालमत्ता कराच्या याद्या वर्षानुवर्षे लावून पाहा. १२ वर्षांवरच्या गुलामांवर कर होता. १८३८, ३९, ४० मध्ये त्याच्या नावापुढे एक गुलाम आणि १८४३ पासून शून्य, असे काही दिसले तर मुक्तीचे वर्ष जवळपास हातात आले. एकाही वर्षी कर दिसला नाही तर ती दुसऱ्याची होती या शक्यतेला वजन येते. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल लिहिले आहेत. तुमचे आकडे याद्यांतून काढा.

लग्नाची नोंद शोधण्यात मात्र वेळ दवडू नका. गुलाम माणसाचे लग्न कायदा मानत नव्हता, म्हणून ती गुलाम असतानाच्या काळातली नोंद कुठेच नसणार. मुक्तीनंतर त्यांनी परवाना काढून लग्न केले असेल तर तेवढीच सापडेल.

आता त्या माणसाकडे वळू. १८५० मध्ये ३८ आणि १८६० मध्ये ४५, रंग आधी ‘एम’ मग ‘बी’. याने गोंधळून जाऊ नका. वय अनेकदा शेजाऱ्यानेही सांगितलेले असे, आणि रंग गणना करणाऱ्याने नजरेने ठरवलेला. तीन वर्षांचा फरक ही नेहमीची बाब आहे. पण एकाच नावाचे दोन पुरुष असण्याची शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. यादीत ‘ज्युनियर’ लिहिले म्हणजे मुलगा असे नव्हे. गावात त्या नावाचे दोघे असतील तर वयाने लहान असलेल्यालाही तसे लिहीत. इथे पुन्हा नोंदवही उपयोगी पडते. सोळाव्या वर्षी आणि चोविसाव्या वर्षी उंची वेगळी असणार, वर्णाचे वर्णनही लिहिणाऱ्यागणिक बदलणार. भुवईवरचा व्रण बदलत नाही. नवीन नोंदीत कधी कधी आधीच्या नोंदीचा क्रमांक दिलेला असतो. तो धरून मागे मागे जा. कायद्याने दरवर्षी नोंद करायची असली तरी फार थोडे लोक तेवढ्या नेमाने करत. प्रवासाला निघताना, नोकरी बदलताना, किंवा भीती पसरली की लोक क्लार्ककडे धावत. टर्नरच्या बंडानंतर अशी धावाधाव झाली. तुमचा माणूस तेव्हा १६ ते १९ वर्षांचा असणार, म्हणून १८३१ ते १८३३ ची पाने आधी चाळा.

त्याचे जन्मवर्ष करयाद्यांवरूनही पक्के करता येते. मुक्त पुरुष १६ वर्षांचा झाला की करयादीत येतो. तो पहिल्यांदा कधी दिसतो ते पाहा आणि १६ वजा करा. पहिले वर्ष चुकलेले असू शकते, म्हणून उत्तराला दोनेक वर्षांची सूट द्या. यादीत त्याच्या नावाजवळ ‘एफ. एन.’ (फ्री निग्रो) किंवा ‘मुलॅटो’ अशी खूण असेल, पण सगळ्या वर्षी नसेल. खूण नाही म्हणून तो माणूस वेगळा, असे समजू नका.

तो मुक्त जन्मलेला निघाला तर शोध त्याच्या आईचा. बापाचा नाही. हे पुन्हा सांगतो, कारण आपल्याकडची आणि तिकडचीही सवय बापाच्या रेषेने वर जाण्याची आहे. त्याचे स्वातंत्र्य आईकडून आले, म्हणून कागदही आईचेच असणार. आडनावही पुष्कळदा आईकडून येते. आणि आडनाव म्हणजे शेवटच्या मालकाचे आडनाव ही समजूत सोडून द्या. मुक्त घराण्यांची आडनावे काही वेळा अनेक पिढ्या जुनी असतात, आणि नुकत्याच मुक्त झालेल्यांनीही आजोबाचे किंवा कुठल्या जुन्या मालकाचे नाव धरलेले असते.

१८१२ ते १८१५ च्या सुमाराला मुक्त असलेली ही आई दोनपैकी एका वाटेने मुक्त झाली असणार. १७८२ ते १८०६ या चोवीस वर्षांत मुक्ती देणे सोपे होते. क्वेकर आणि मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथांच्या मालकांनी धर्मभावनेने बऱ्याच जणांना सोडले, काहींनी पैसे भरून स्वतःला सोडवले. व्हर्जिनियातले मुक्त कृष्णवर्णीय १७९० मध्ये १२,८६६ होते, ते १८१० मध्ये ३०,५७० झाले. दुसरी वाट जुनी आहे : गोऱ्या दासींना कृष्णवर्णीय पुरुषांपासून झालेली मुले. आई मुक्त म्हणून ती गुलाम नव्हती, पण १६९१ च्या कायद्याने त्यांना ३० वर्षांच्या वयापर्यंत, आणि १७०५ पासून ३१ पर्यंत, वेठीला बांधून ठेवत. अशा घराण्यांचा माग अठराव्या शतकातल्या काउंटी कोर्टाच्या आदेशांत लागतो.

आईसाठी नुसत्या जनगणनेवर विसंबू नका. व्हर्जिनियाच्या १७९० आणि १८०० च्या याद्या जवळजवळ पूर्ण नाहीशा झाल्या आहेत आणि १८१० च्याही काही काउंट्यांच्या नाहीत. त्यांच्या जागी करयाद्या वापरायच्या. १७८२ पासून त्या मिळतात, १८०८ सोडून. त्या वर्षी वैयक्तिक मालमत्ता कराच्या याद्या झाल्याच नाहीत, तेव्हा तेवढ्या वर्षाची यादी हरवली समजून शोधत बसू नका. शिवाय १८०१ च्या कायद्याने महसूल अधिकाऱ्यांनी मुक्त कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या याद्या करायच्या होत्या : नाव, स्त्री की पुरुष, राहण्याची जागा, धंदा. सगळ्या टिकलेल्या नाहीत, पण ज्या आहेत त्यांत बायकाही दिसतात, धुणे धुणाऱ्या, सूत कातणाऱ्या. करयादीत एरवी न दिसणारी आई इथे भेटू शकते.

त्याचा धंदा हाही एक धागा आहे. तंबाखू मोठमोठ्या लाकडी पिंपांत भरून पाठवत, म्हणून पीटर्सबर्गमध्ये कूपरला काम होते. पण हा धंदा कुणीतरी शिकवावा लागतो. मुक्त कृष्णवर्णीय गरीब किंवा बाप नसलेल्या मुलांना ओव्हरसियर्स ऑफ द पुअर हे अधिकारी कोर्टाच्या हुकमाने कारागिराकडे बांधून देत, मुलगे २१ वर्षांपर्यंत. हुकमात मुलाचे वय, धंदा, कारागिराचे नाव, आणि बऱ्याचदा ‘अमकीचा मुलगा’ असे आईचे नाव असते. १८२० ते १८३० ची मिनिट बुके या एका गोष्टीसाठी पानोपान वाचण्यासारखी आहेत. सूचीत मुलाचे नाव नसेल, कारागिराचे असेल.

जागेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पीटर्सबर्गचे कोर्ट वेगळे आणि भोवतालच्या काउंट्यांचे वेगळे. गावाच्या वेशीबाहेर दोन पावले राहणाऱ्याचे कागद डिनविडी, प्रिन्स जॉर्ज किंवा नदीपलीकडच्या चेस्टरफील्डमध्ये गेले. डिनविडी आणि प्रिन्स जॉर्जची बरीचशी जुनी दप्तरे यादवी युद्धात नष्ट झाली. पीटर्सबर्ग आणि चेस्टरफील्डची बरीच टिकली. आई डिनविडीची निघाली तर निराश होऊ नका. करयाद्यांची एक प्रत राजधानीत रिचमंडला जात असे, म्हणून कोर्ट जळाले तरी त्या राहिल्या. आणि गावात राहायला आलेल्याने आपल्या काउंटीचा दाखला पीटर्सबर्गच्या क्लार्कला दाखवला असेल, तर त्याचा उल्लेख इकडच्या वहीत येतो.

४०० डॉलरच्या मालमत्तेचे खरेदीखत नक्की काढा. विकताना बायकोचीही संमती घेत, त्यामुळे तिचे नाव तिथे येऊ शकते. पीटर्सबर्गमध्ये १८४० साली मुक्त कृष्णवर्णीय पुरुषांपैकी २८ जणांनी मिळून दफनभूमीसाठी एक एकर जमीन घेतली. ती आज पीपल्स मेमोरियल सेमेटरीचा भाग आहे. हाताला काम आणि नावावर घर असलेला कूपर अशा मंडळींत असू शकतो, तेव्हा त्या खरेदीखतातली नावे वाचा. गिलफील्ड बॅप्टिस्ट चर्च हीही तिथली जुनी कृष्णवर्णीय मंडळी आहे. चर्चच्या इतिवृत्तांत मुक्त आणि गुलाम दोन्ही सभासद एकत्र येतात, त्यामुळे कोर्टाला न दिसणारी नाती तिथे दिसतात.

प्रत्यक्ष काम मात्र अलीकडून पलीकडे करा. सगळ्यात आधी १८५० मध्ये ३ वर्षांच्या असलेल्या त्या मुलाचा मृत्यूचा दाखला आणि त्याच्या भावंडांचे मृत्यूचे दाखले. व्हर्जिनियात राज्यभर मृत्युनोंदणी जून १९१२ पासून पुन्हा सुरू झाली आणि तिच्यात वडिलांचे नाव आणि आईचे माहेरचे नाव असते. माहेरचे नाव मिळणे म्हणजे अर्धी लढाई. पण माहिती कुणी दिली तो रकाना वाचा. जावयाने सांगितलेले सासूच्या आईचे नाव आणि लेकीने सांगितलेले, यांना सारखे वजन नसते. मग त्यांच्या लग्नाच्या नोंदी. १८५३ नंतरच्या नोंदींत दोन्हीकडचे आईबाप येतात. १८५३ ते १८९६ च्या जुन्या मृत्युनोंदींत कूपर स्वतः सापडतो का तेही पाहा, जरी १८६० च्या दशकात त्यांत मोठी खिंडारे आहेत. कुणी भाऊ उत्तरेच्या सैन्यात गेला असेल तर राष्ट्रीय अभिलेखागारातली त्याची सेवानोंद मागवा. कृष्णवर्णीय सैनिकांना समान पगार देताना सरकारने ‘१९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्याआधी मुक्त’ असा शेरा काही नोंदींवर मारला आहे, आणि विधवेच्या पेन्शनच्या फायलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या असतात. गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या १८६५ ते १८७४ च्या खातेवह्यांतही आईबाप आणि भावंडांची नावे लिहिली जात.

यातले बरेच घरबसल्या होईल. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या ‘व्हर्जिनिया अनटोल्ड’ या संग्रहात मुक्तिपत्रे, नोंदी, राहण्याच्या परवानगीचे अर्ज यांच्या प्रतिमा फुकट पाहता येतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खाते उघडा. तिथल्या संपूर्ण मजकुराच्या शोधात हस्ताक्षरातली खरेदीखते आणि मृत्युपत्रेही शब्दाने शोधता येतात. नुसते नाव टाकू नका. नाव, ‘पीटर्सबर्ग’ आणि ‘फ्री मॅन ऑफ कलर’ असे एकत्र टाका. संगणकाने वाचलेले हस्ताक्षर पुष्कळदा चुकते, म्हणून सापडलेले प्रत्येक पान मूळ प्रतिमेवर वाचा, आणि त्याच्या मागचे-पुढचे एकेक पानही. त्या काळचे लिपिक जॉनला ‘जे-एन-ओ’ आणि विल्यमला ‘डब्ल्यू-एम’ असे तोडून लिहीत, हे ध्यानात ठेवून शोध पुन्हा करा. दुसऱ्यांनी तयार केलेली वंशावळ पुरावा म्हणून घेऊ नका. तिच्यातला कागदाचा उल्लेख घ्या आणि कागद स्वतः पाहा.

सासूबाईंना काय सांगायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणार आहे. त्यांच्या घरात जपलेली आठवण खोटी नाही. एका रेषेने ती खरी ठरू शकते आणि त्याच घरातल्या बाईच्या बाबतीत नाही. हातात मुक्तिपत्र किंवा मुलांच्या नोंदी येईपर्यंत त्यांच्यापुढे काही मांडू नका. १८४० चे एकटे पान दाखवलेत तर उगाच मन दुखावेल. त्यापेक्षा त्यांनाच विचारा, की घरात जुनी ट्रंक, बायबल, घडी घालून ठेवलेला शिक्क्याचा कागद आहे का. मुक्तीचा दाखला जिवापाड जपायची वस्तू होती आणि काही घरांत तो अजून आहे. त्या बाईचे माहेरचे नाव सासूबाईंना कदाचित दुसऱ्याच निमित्ताने माहीत असेल, एखाद्या नातीला ठेवलेले मधले नाव म्हणून.

मुलीच्या वंशावळीत प्रत्येक नावापुढे वर्ष, तेव्हाचा दर्जा, आणि तो कोणत्या वहीच्या कोणत्या पानावरून घेतला ते लिहा. अजून सिद्ध न झालेली नाती तुटक रेषेने जोडा. १८४० च्या घरात आत्ता तरी चारही माणसे तुटक रेषेनेच येतील. पहिली ओळ पक्की करायला त्या धाकट्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल आजच मागवा, आणि ती येईपर्यंत चारही भावंडांच्या नावांनी ‘व्हर्जिनिया अनटोल्ड’ तपासून ठेवा.